पांढरा मानावा तरी कोणता तारा?

चीनमध्ये हान सम्राट वू याच्या दरबारी सिमा च्येन नावाचा एक अधिकारी होता. आकाशावर नजर ठेवणे, पंचांग सांभाळणे आणि इतिहास लिहिणे अशी तिन्ही कामे त्याच्याकडे होती. इ. स. पू. 100 च्या आगेमागे त्याने सिद्ध केलेल्या ‘शीची’ या इतिहासग्रंथात आकाशाला वाहिलेले एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात शुक्राचा रंग कसा ओळखावा हे सांगताना तो एक सोपी सोय करून ठेवतो. पांढरा म्हणजे व्याधासारखा, तांबडा म्हणजे ज्येष्ठेसारखा, पिवळा म्हणजे मृगाच्या एका खांद्यावरच्या काक्षीसारखा, निळा म्हणजे दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्यासारखा आणि काळपट म्हणजे देवयानीतल्या एका ठळक ताऱ्यासारखा. शुक्राच्या रंगावरून राज्याचे बरेवाईट ठरवायचे होते, तेव्हा दोन निरीक्षकांमध्ये मतभेद होऊन चालणार नव्हते. म्हणून एक तारा पांढरा धरायचा आणि बाकी सारे त्याच्याशी ताडून पाहायचे. आज गच्चीवर छोटी दुर्बीण लावून तेजोमेघांचे फोटो काढणारा हौशी माणूस संगणकावर बसतो, तेव्हा रंग जुळवण्याच्या खिडकीत त्यालाही आधी हेच विचारले जाते: पांढरे कशाला म्हणायचे? या दोन टोकांमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे गेली. ताऱ्यांच्या रंगाचा मागोवा घ्यायचा तर या पांढऱ्याचा माग काढत जाणे आपल्याला सोयीचे पडेल.

वाटेत पहिलाच अडथळा व्याधाचा येतो. इ. स. 150 च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’ लिहिला आणि त्यातल्या तारकासूचीत सहा ताऱ्यांना तांबूस म्हटले. रोहिणी, काक्षी, स्वाती, ज्येष्ठा आणि मिथुनेतला पॉलक्स ही पाच नावे आपण डोळे मिटून मान्य करू. सहावे नाव व्याधाचे आहे! चीनमध्ये अडीचशे वर्षांपूर्वी जो पांढऱ्याचा नमुना होता, तोच तारा भूमध्य समुद्राच्या काठी तांबडा कसा दिसला, यावर पुढच्या विद्वानांनी पुष्कळ शाई खर्ची घातली. नकलनविसाची चूक झाली असावी असे कोणी म्हणाले. क्षितिजालगत व्याध रंगीबेरंगी लुकलुकतो, त्याचा हा परिणाम असे दुसऱ्या कोणाला वाटले. 964 च्या सुमारास इस्फहानमध्ये अब्दुल रहमान अल-सूफीने टॉलेमीची सूची स्वतःच्या डोळ्यांनी तपासून नवा ग्रंथ रचला, तेव्हा तांबड्या ताऱ्यांतून व्याध गळालेला होता. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अगस्त्याच्या रंगावरून शुभाशुभ फळे सांगितली आहेत. तिथेही रंग पाहायचा आहे तो शकुनासाठी, मापण्याचा विचार त्यात नाही. जुन्या नोंदी मात्र कधी कुठे उपयोगी पडतील सांगता येत नाही. काक्षी पिवळा, या सिमा च्येनच्या नोंदीचा आधार घेऊन 2022 मध्ये येना इथल्या एका अभ्यासगटाने असे मांडले की, हा तारा गेल्या दोन सहस्रकांतच पिवळ्या-नारिंगीकडून तांबड्याकडे सरकला आहे.

दुर्बीण आल्यावर रंगांची चंगळ झाली. विल्यम हर्शेलने 1783 मध्ये वृषपर्वा तारकासमूहातल्या एका गडद तांबड्या ताऱ्याचे वर्णन केले आणि तो पुढे गार्नेट तारा म्हणूनच ओळखला जाऊ लागला. हर्शेलच्या दुर्बिणीचे आरसे धातूचे होते आणि त्या मिश्रधातूवरून निळ्यापेक्षा तांबडा प्रकाश जरा अधिक परावर्तित होई. त्याच्या नोंदींत तांबडेपणा जास्त दिसतो तो यामुळे, अशी शंका नंतरच्यांनी घेतली. म्हणजे उपकरणाचा रंग ताऱ्याच्या खाती जमा होण्याची तक्रार इतकी जुनी आहे. त्याच्या उलट टोकाला भिंगाच्या दुर्बिणी होत्या. भिंग सगळे रंग एका बिंदूत आणत नाही, त्यामुळे ठळक ताऱ्याभोवती निळे-जांभळे वलय उरते. आजही स्वस्तातली भिंगाची दुर्बीण घेतलेल्याच्या फोटोत हे वलय येतेच आणि ते काढण्यात त्याची संध्याकाळ जाते.

एकोणिसाव्या शतकातली रंगांची खरी हौस जोडताऱ्यांवर खर्च झाली. दोर्पातच्या वेधशाळेत फ्रॉनहोफरने घडवलेल्या दुर्बिणीतून विल्हेल्म स्ट्रूव्हने हजारो जोडतारे मोजले आणि प्रत्येकाचा रंग लॅटिनमध्ये टिपला. लॅटिन शब्द अपुरे पडू लागले तेव्हा ऑलिव्हच्या रंगात तांबूस छटा मिसळावी अशी लांबलचक जोडनावेही त्याने तयार केली. इंग्लंडमध्ये आरमारातून निवृत्त झालेले विल्यम हेन्री स्मिथ हे याहून रसिक. 1844 च्या आपल्या सूचीत त्यांनी हंसाच्या चोचीतल्या अल्बिरिओ या जोडताऱ्याला पुष्कराज आणि नीलमण्याचे रंग बहाल केले. ही उपमा इतकी चिकटली की, आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात अजूनही ती ऐकू येते. मग आपण पाहिलेला पिवळा आणि शेजाऱ्याने पाहिलेला पिवळा एकच कशावरून, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. 1864 मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या रंगांवर एक छोटे पुस्तक छापले आणि त्यात रंगांच्या चकत्यांचा तक्ता दिला. सहा रंग, प्रत्येकाच्या चार छटा, अशा एकूण 24 चकत्या. दुर्बिणीतून तारा पाहायचा, दिव्याच्या उजेडात तक्ता पाहायचा आणि जुळणारी चकती शोधायची. आता दिव्याची ज्योत स्वतःच पिवळी, कागदाचा रंग उडणारा, आणि अंधाराला सरावलेला डोळा उजेडात आला की त्याची रंगांची जाणच बदलते. तक्ता फसला. तरीही या निवृत्त आरमारी अधिकाऱ्याविषयी मला फार आपुलकी वाटते, कारण रंग हा दोघांत ठरवून घेण्याचा व्यवहार आहे हे त्यांनी नेमके ओळखले होते.

याच काळात ख्रिस्तियन डॉप्लरने प्रागमध्ये, मे 1842 मध्ये, जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशावर एक निबंध वाचला. एक तारा आपल्याकडे येतो म्हणून निळसर आणि दुसरा दूर जातो म्हणून तांबूस दिसतो, असे त्याचे म्हणणे. तत्त्व बरोबर आणि उदाहरण चूक, असा हा विलक्षण निबंध. ताऱ्यांचे वेग प्रकाशाच्या मानाने इतके थोडे असतात की, त्यांनी डोळ्यांना जाणवेल असा रंगबदल होत नाही. जोडताऱ्यांतल्या पुष्कळशा हिरव्या-जांभळ्या छटांचे खापर खरे तर आपल्या नजरेवर फोडायला हवे. पिवळ्याजवळ ठेवलेला पांढराही निळसर भासतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने 1839 मध्येच सविस्तर दाखवले होते.

आता आपण 17 जुलै 1850 च्या रात्री हार्वर्डला जाऊ. वेधशाळेचे प्रमुख विल्यम बाँड आणि बॉस्टनचे छायाचित्रकार जॉन व्हिपल यांनी 15 इंची दुर्बिणीला डॅगरोटाइपची पाटी जोडली आणि अभिजित ताऱ्यावर 100 सेकंद रोखली. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा हा पहिला फोटो. निवड सहज झाली होती, कारण उत्तरेच्या आकाशात उन्हाळ्यात तो सर्वांत ठळक ताऱ्यांपैकी एक. त्या निवडीमागे आणखी एक भाग्य होते, ते फार उशिरा कळले. त्या काळच्या पाट्यांना निळा प्रकाश दिसे, तांबडा दिसत नसे. अभिजित निळसर पांढरा म्हणून उमटला. त्याच तेजाचा तांबडा तारा त्या पाटीवर कितीतरी फिका आला असता. 1873 मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलने पाटीच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा-पिवळा प्रकाश पाहायला शिकवले, तरी छायाचित्रातले आकाश आणि डोळ्यांना दिसणारे आकाश यांत ही तफावत पुढेही राहिली.

ही तफावत बहुतेकांना अडचण वाटली. कार्ल श्वार्त्सशिल्ड या तरुणाला तीच कामाची वाटली. पुढे सापेक्षतेच्या समीकरणांमुळे त्याचे नाव कृष्णविवरांशी जोडले गेले. त्याआधी, शतक संपता संपता, तो व्हिएन्नाच्या एका खासगी वेधशाळेत पाटीवरच्या ठिपक्यांची मापे घेत होता. गरुड तारकासमूहातला ईटा हा रूपविकारी तारा आठवड्याभरात उजळतो आणि मंदावतो. डोळ्यांनी पाहिले तर हा चढउतार जेवढा दिसतो, त्याहून पाटीवर तो मोठा येत होता. याचा अर्थ उजळताना तारा अधिक निळा होतो, म्हणजे तापतो. पाटीवरची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, वजा डोळ्यांची प्रत एवढी साधी वजाबाकी केली की ताऱ्याचा रंग आकड्यात उतरतो. पुष्कराज, नीलमणी, 24 चकत्या यांच्या जागी एक संख्या आली: रंगांक. याच सुमारास, 1900 मध्ये, बर्लिनला माक्स प्लांकने तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचे सूत्र मांडले आणि त्या संख्येला तापमानाचा अर्थही मिळाला. हिरवा तारा का नसतो याचेही उत्तर त्यातच आहे. ज्या ताऱ्याचा प्रकाश हिरव्यात सर्वाधिक असतो, त्याच्याकडून तांबडा आणि निळाही जवळजवळ तेवढाच येतो, आणि तिन्ही मिळून आपल्याला पांढरे दिसते.

रंगाची उकल वर्णपटाच्या वाटेनेही चालू होती. रोममध्ये फादर सेक्कींनी 1860 च्या दशकात ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांचे वर्ग पाडले. पुढे हार्वर्डला ॲनी जंप कॅनन यांनी 1901 मध्ये आजची वर्गवारी रुळवली आणि 1918 ते 1924 या काळात छापल्या गेलेल्या हेन्री ड्रेपर सूचीत सव्वादोन लाखांवर तारे त्या वर्गवारीत बसवले. या वाटेवरचा एक मुक्काम आपल्या पुण्यातही आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेत प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला काम करत. 1891 मध्ये त्यांनी मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषेचा अभ्यास लंडनला प्रसिद्ध केला. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणात त्यांनी जेऊर इथे तळ ठोकून सूर्याच्या वर्णपटाचे फोटो घेतले. 1912 मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. मृगातल्या तेजोमेघाच्या ज्या हिरव्या रेषेवर नेगमवाला काम करत होते, ती दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे 1927 मध्ये कळले. आज हौशी मंडळी ‘ओ-थ्री’ म्हणून जो फिल्टर विकत घेतात तो हीच रेषा पकडतो.

1953 मध्ये हॅरल्ड जॉन्सन आणि विल्यम मॉर्गन यांनी जंबुपार, निळा आणि दृश्य अशा तीन ठराविक फिल्टरांतून तारे मोजण्याची पद्धत पक्की केली. शून्य कुठे मानायचा हा प्रश्न आलाच. अभिजित ज्या वर्गात मोडतो त्या वर्गाच्या मोजक्या ताऱ्यांची सरासरी घेऊन त्यांनी तिथे शून्य ठेवला. निळी प्रत वजा दृश्य प्रत केली की अभिजित आणि व्याध दोघेही शून्याच्या जवळ बसतात, चित्रा उणे 0.23 वर, सूर्य 0.65 वर, स्वाती 1.23 वर, रोहिणी 1.54 वर आणि काक्षी 1.85 च्या आसपास. हान दरबाराने पांढरा ठरवलेला व्याध दोन हजार वर्षांनी आपसूक शून्यावर येऊन बसला. मात्र शून्य म्हणजे पांढरा असे जॉन्सन-मॉर्गन यांनी म्हटले नव्हते. ते हिशेबाचे शून्य होते. त्यालाच रंगाचे पांढरे समजले, तर आपला सूर्य पिवळा ठरतो. शाळेच्या पुस्तकांतून सूर्य पिवळा तारा म्हणून शिकवला जातो तो हिशेब हाच.

एवढे होईतो ताऱ्यांचा रंगीत फोटो असा नव्हताच. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1861 मध्ये चौकड्यांच्या फितीचे तीन फोटो तीन रंगीत गाळण्यांतून घेऊन पडद्यावर एकत्र टाकले होते. पण आकाशाला ती युक्ती लागू पडायला शंभरएक वर्षे गेली. 1950 च्या दशकाच्या शेवटी पालोमार वेधशाळेचे छायाचित्रकार विल्यम मिलर यांनी बाजारात नुकत्याच आलेल्या जलद रंगीत फिल्मवर देवयानीची दीर्घिका आणि काही तेजोमेघ टिपले. 1959 मध्ये ते छापून आले तेव्हा वाचक थक्क झाले. फिल्मच्या तीन थरांची एक खोड होती. तासन् तास उघडी ठेवली की प्रत्येक थर वेगवेगळ्या वेगाने मंदावे आणि सगळे आकाश एका रंगाकडे झुके. मिलर यांना प्रत काढताना तो झुकाव मोजून उलटा करावा लागे. म्हणजे पुढचे सारे ‘प्रोसेसिंग’ पहिल्या दिवसापासूनच सुरू झाले होते. ‘आम्ही काहीही न करता जसे दिसले तसे दाखवतो’ असा काळ आकाशाच्या रंगीत फोटोग्राफीत कधी आलेलाच नाही.

मग ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगवर डेव्हिड मॅलिन आले, आणि त्यांच्याजवळ आपण थोडे थांबू. मॅलिन मुळात रसायनशास्त्राचे. 1975 मध्ये ते 3.9 मीटरच्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीवर रुजू झाले. रंगीत फिल्मचा नाद सोडून त्यांनी मॅक्सवेलची जुनी युक्ती धरली. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशात काळ्यापांढऱ्या काचेच्या तीन पाट्या घ्यायच्या आणि अंधाऱ्या खोलीत त्या एकावर एक अचूक जुळवून रंगीत चित्र उभे करायचे. पुढे याच पद्धतीवर हौशी फोटोग्राफीची इमारत उभी राहिली. पण त्यांचा मला सर्वांत आवडणारा फोटो साध्या कॅमेऱ्याचा आहे. मृग मावळताना कॅमेरा स्थिर ठेवून त्यांनी ताऱ्यांच्या रेघा उमटू दिल्या आणि काही काही मिनिटांनी फोकस पायरीपायरीने बिघडवत नेला. रेघेच्या एका टोकाला तारा टोकदार आहे आणि पांढरा आहे. पुढे रेघ रुंदावत जाते आणि पांढऱ्यातून रंग बाहेर येतो: काक्षी नारिंगी, राजन्य निळसर, मधला तेजोमेघ गुलाबी. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत कोंबला की फिल्मचे तिन्ही थर भरून जातात आणि भरलेले तीन थर म्हणजे पांढरा. तोच प्रकाश पसरवला की कोणता थर किती भरला ते दिसते. ताऱ्याचा रंग फोटोत का हरवतो याचे याहून नेटके प्रात्यक्षिक मी पाहिलेले नाही.

हौशी मंडळी या सगळ्यात कुठे होती? दुर्बिणी होत्या, संस्था होत्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 ची आहे. फिल्मच्या काळात धीराचे लोक हायड्रोजन मिसळलेल्या वायूत फिल्म भाजून तिची संवेदना वाढवत आणि तासभर मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा लावून बसत. बेल प्रयोगशाळेत 1969 मध्ये बॉईल आणि स्मिथ यांनी कल्पिलेली सीसीडी ही प्रकाश टिपणारी चिप 1990 च्या दशकात हौशी लोकांच्या आवाक्यात आली. तिला रंग दिसत नसत, तेव्हा मॅलिनप्रमाणे तीन फिल्टर लावून तीनदा फोटो घेणे आले. दुसऱ्या बाजूने कोडॅकच्या ब्राइस बायरने 1976 मध्ये पेटंट घेतलेली जाळी डिजिटल कॅमेऱ्यांत बसली. तिच्यात प्रत्येक चार पिक्सेलांतले दोन हिरवे, एक तांबडा, एक निळा, कारण माणसाचा डोळा हिरव्यात तीक्ष्ण. जोडताऱ्यांच्या हिरव्या छटांना नजर जबाबदार होती, तशी रंग न जुळवलेल्या स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या फोटोंवर, येणाऱ्या हिरवट झाकेला बायरच्या जाळीमागच्या सेन्सरची हिरव्यातली अधिक संवेदना. 2005 मध्ये कॅननने 20डीए हा खास खगोलासाठीचा कॅमेरा काढला, त्यात हायड्रोजनचा तांबडा प्रकाश अडवणारी गाळणी सैल केली होती. तेजोमेघ खुलले आणि सगळे तारे लालसर झाले. पुन्हा पांढरे कोणते?

या वेळी उत्तर सूर्याने दिले. सूर्याच्या वर्गातला, म्हणजे जी-टू-व्ही वर्गातला एखादा तारा डोक्यावर असताना तिन्ही फिल्टरांतून सारख्या वेळेचे फोटो घ्यायचे, तिन्हींतला प्रकाश मोजायचा आणि तो समान होईल अशा गुणकांनी पुढचे सगळे काम करायचे. तारा खाली उतरला की हवा निळा प्रकाश आधी गिळते, म्हणून उंचीनुसार गुणक पुन्हा बदलायचे. वह्यांमध्ये असे तक्ते भरलेले असत. आरमारी स्मिथ यांच्या 24 चकत्यांचा हा दूरचा वारस म्हणता येईल, फक्त आता डोळ्याच्या जागी इलेक्ट्रॉन मोजले जात होते.

गुणक बरोबर असूनही रंग का फिके पडतात, हा गुंता त्यानंतर सुटला. कॅमेऱ्यातून आलेला डेटा सरळ रेषेत असतो, दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. तसा तो पडद्यावर जवळजवळ काळा दिसतो, म्हणून अंधुक भाग वर उचलण्यासाठी ‘स्ट्रेच’ करावा लागतो. एक पिक्सेल घेऊ. त्यात तांबडा 0.04, हिरवा 0.02, निळा 0.01 आहे, म्हणजे चारास दोन आणि एक, झकास नारिंगी. प्रत्येक रंगाला वेगवेगळे चौथे मूळ लावून उचलले तर आकडे 0.45, 0.38 आणि 0.32 होतात. चित्र उजळले, पण चारास एक हे प्रमाण दीडासही एक उरले नाही, आणि नारिंगीचा झाला मळकट सायीसारखा रंग. त्याऐवजी तिन्ही आकड्यांना एकाच दहाने गुणले असते तर 0.4, 0.2, 0.1 मिळाले असते, रंग जागेवर. 2004 मध्ये रॉबर्ट लप्टन आणि सहकाऱ्यांनी स्लोन आकाशसर्वेक्षणाच्या प्रतिमांसाठी हेच सूत्रबद्ध केले. आधी तिन्ही रंगांची मिळून एक तेजस्विता काढायची, तिला व्यस्त अतिपरवलयी ज्या या फलनाने उचलायचे आणि निघालेला एकच गुणक तिन्ही रंगांना लावायचा. तेजस्वी गाभा फुटू लागला तर तिन्ही एकत्र खाली ओढायचे, एकालाच छाटायचे नाही. हौशी सॉफ्टवेअरमध्ये ‘आर्कसिंच स्ट्रेच’ या नावाने ते आज सर्रास मिळते. मात्र जो पिक्सेल घेतानाच तिन्ही रंगांत काठोकाठ भरला, त्यातला रंग कोणतेही सूत्र परत आणत नाही. त्यासाठी काही सेकंदांची छोटी एक्स्पोजर वेगळी घ्यावी लागतात, नाहीतर गाभ्याभोवतीच्या न भरलेल्या कडेतून रंग उसना घ्यावा लागतो. मॅलिननी फोकस बिघडवून जे केले तेच.

एक आडवळण इथे घ्यायला हवे. 1 एप्रिल 1995 रोजी हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या खांबांचा फोटो घेतला. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी त्यात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग नेमून दिला. शास्त्रीय सोयीसाठी केलेली ही वाटणी पुढे हौशी जगात फॅशन झाली. तेजोमेघात हायड्रोजन भरपूर असतो म्हणून हिरवा आवरायचा आणि बाकीचे दोन उचलायचे. तारे तिन्ही पट्ट्यांत जवळजवळ सारखाच प्रकाश देतात, त्यामुळे त्यांच्यातला तांबडा आणि निळा फाजील वाढतो आणि सगळे आकाश जांभळ्या-गुलाबी ताऱ्यांनी भरते. असा रंग कोणत्याही ताऱ्याचा नाही. त्यावर एक गमतीदार तोडगा निघाला: प्रतिमा उलटी करायची, म्हणजे जांभळट-गुलाबी हिरवे होते, मग हिरवे पुसण्याचे हत्यार चालवायचे आणि प्रतिमा पुन्हा सुलट करायची. 2018 नंतर न्यूरल नेटवर्कवर चालणारी तारे वेगळे काढणारी साधने आली आणि हा तोडगाही मागे पडू लागला. आता तेजोमेघ एका थरात, तारे दुसऱ्या थरात, आणि ताऱ्यांचा थर साध्या तीन रंगांच्या फिल्टरांतून घेतलेला. त्यात सोयीपुरते सॅच्युरेशन चढवता चढवता काही जण लग्नमंडपाच्या रोषणाईपर्यंत पोचतात. अल्बिरिओला स्मिथ यांनी दिलेला नीलमणी कितीही लाडका असला, तरी त्या निळ्या जोडीदाराचा रंगांक शून्याच्या किंचित खाली आहे, म्हणजे तो व्याधाहून जेमतेम निळा. गडद शाईच्या थेंबासारखा तो दिसला की मला फोटो काढणाऱ्याच्या माऊसची घाई दिसते.

पांढऱ्याची गोष्ट अजून एकदा हातबदल करते. 2017 मध्ये पिक्सइनसाइट या स्पॅनिश सॉफ्टवेअरमध्ये फोटोतले तारे ओळखून, सूचीतल्या त्यांच्या मोजलेल्या रंगांशी ताडून गुणक काढण्याची सोय आली. एका जी-टू-व्ही ताऱ्याऐवजी चौकटीतले शेकडो तारे साक्षीला. 13 जून 2022 रोजी युरोपच्या गाया यानाची तिसरी सूची खुली झाली आणि तिच्यात सुमारे 22 कोटी खगोलांचे छोटे वर्णपट होते. त्याच वर्षी ते वर्णपट, फिल्टरांची वक्ररेषा आणि सेन्सरची संवेदना एकत्र गुणून अपेक्षित रंग काढणारे साधनही आले. सेक्की, कॅनन, नेगमवाला यांची वर्णपटाची वाट आणि श्वार्त्सशिल्डची वजाबाकीची वाट इथे हौशी माणसाच्या लॅपटॉपवर एकत्र आल्या. त्या खिडकीत पांढऱ्यासाठी एक यादी उघडते. न छेडता सोडली तर तिच्यात सरासरी सर्पिल दीर्घिका निवडलेली असते, कारण तिच्यात सर्व वयांचे आणि तापमानांचे तारे मिसळलेले असतात, कोणा एकाची बाजू घेतली जात नाही. हवा असेल तर सूर्याचा वर्गही निवडता येतो. युक्तिवाद दीर्घिकेचा भक्कम आहे हे कबूल, पण मी सूर्य निवडतो. ज्या डोळ्यांनी फोटो पाहायचा ते याच्याच उजेडात घडले, एवढेच माझे कारण. प्रत्यक्षात दोन्ही निवडींतला फरक बेताचा असतो, आणि वाद मात्र रात्रभर चालू शकतो.

महाराष्ट्रातल्या हौशी लोकांसाठी हा वाद पावसाळ्यातला उद्योग आहे. जून ते सप्टेंबर आकाश बंद, म्हणून हिवाळ्यात घेतलेला मृग आणि रोहिणीचा डेटा पुन्हा उघडायचा आणि नव्या साधनाने पुन्हा जुळवायचा. पुण्या-मुंबईच्या उजेडात आता बहुतेक जण हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोनच रेषा सोडणारा फिल्टर लावतात. तेजोमेघ शहरातूनही येतो, ताऱ्यांचा रंग त्यात येत नाही. मग एखाद्या अमावास्येला मुंबईजवळच्या वांगणीच्याही पलीकडे, सह्याद्रीच्या आडोशाला गाडी काढायची आणि फिल्टर न लावता ताऱ्यांसाठी तासाभराची छोटी छोटी एक्स्पोजर घ्यायची. तारे ठळक असतात, त्यांना तेवढे पुरते. रंग जुळला की नाही ते पाहायला रोहिणीच्या आजूबाजूचा व्ही आकाराचा तारकागुच्छ बरा पडतो. त्यातले चार पिवळे-नारिंगी राक्षसी तारे एक रंगांकाच्या आसपास आहेत, बाकीचे पुष्कळसे पांढरे. त्यांच्यापुढे रोहिणी स्पष्ट अधिक तांबूस दिसली पाहिजे. ती आणि ते चौघे एकाच रंगाचे आले असतील, तर स्ट्रेचकडे परत जायचे.